स्टॅगचे मैदान

१२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला त्याच्याच मैदानावर ३२-० अशी सडकून हार खावी लागली. हरवणारा संघ कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावचा, कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाच्या एका लहानशा कॉलेजचा होता. त्या संघाचा प्रशिक्षक शहात्तर वर्षांचा होता. मैदानाचे नाव स्टॅग फील्ड आणि या वृद्ध प्रशिक्षकाचे नाव अमॉस अलोन्झो स्टॅग. ज्या संघाला त्याने त्या दिवशी धूळ चारली, तो संघ त्यानेच जन्माला घातला होता आणि एकेचाळीस वर्षे पोसला होता. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने तो संघ मोडीत काढला.

मुलाने खेळावे की अभ्यास करावा, हा वाद एकदाही झाला नाही असे मराठी घर माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे तो वाद फार तर जेवणाच्या ताटावर होतो आणि दहावीचे वर्ष उजाडले की आपोआप मिटतो. शिकागोत तो एका नामांकित विद्यापीठाने सगळ्या देशादेखत घातला आणि शेवटी एका घावात त्याचे दोन तुकडे करून टाकले. म्हणूनच मला स्टॅगच्या चरित्राचे पहिल्यापासून कुतूहल वाटत आले आहे.

वाचकांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायांचा खेळ नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला चेंडू हातात धरून, काखेत मारून, समोरच्या अकरा जणांना चुकवत किंवा सरळ अंगावर घेत पलीकडच्या रेषेपार न्यायचा, असा हा प्रकार. अंगाला अंग भिडते, हाडे मोडतात. आणि हा खेळ वाढला तो गल्लीबोळांत नव्हे, तर कॉलेजांच्या आवारात. एखाद्या विद्यापीठाचे नाव गावोगावच्या लोकांना ठाऊक असते ते बहुधा त्याच्या फुटबॉल संघामुळे, ही गोष्ट तिकडे आजही खरी आहे.

स्टॅगचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावचा. वडील चांभारकाम करीत. घरात आठ भावंडे, त्यातला हा पाचवा. अठरा विश्वे दारिद्र्यच म्हणायचे. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते आणि त्यासाठी शिकायचे होते. आधी एक्झिटरच्या शाळेत आणि मग येल विद्यापीठात त्याने दिवस काढले ते अर्धपोटी राहून. बेसबॉलमध्ये मात्र तो असा चेंडू टाकी की, व्यावसायिक संघ पैसे घेऊन दाराशी आले. त्या काळात व्यावसायिक बेसबॉलभोवती दारूगुत्त्यांचे वातावरण असे. स्टॅगने पैसे नाकारले. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते शोभणारे नव्हते, एवढे कारण त्याला पुरेसे होते.

येलच्या फुटबॉल संघातही तो होता. १८८८ च्या हंगामात येलने प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध एकूण ६९८ गुण केले आणि एकही गुण दिला नाही. पुढच्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम अकरा खेळाडूंची पहिली यादी निघाली, तीत स्टॅगचे नाव होते. पण ज्या कामासाठी तो आला होता ते मात्र जमेना. व्यासपीठावर उभा राहिला की त्याची जीभ अडखळे. आपण चांगला उपदेशक होणार नाही, हे त्याने स्वतःच ओळखले आणि ठरवले की, जे प्रवचनात सांगता येत नाही ते मैदानावर सांगायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षणशाळेत तो गेला. तिथे त्याचा एक सहकारी होता जेम्स नेस्मिथ. याच नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. मार्च १८९२ मध्ये लोकांसमोर जो पहिला सामना झाला त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅगचा!

येलमध्ये त्याला बायबल शिकवणारे एक प्राध्यापक होते, विल्यम रेनी हार्पर. तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशावर शिकागोत एक नवे विद्यापीठ उभे राहत होते आणि हार्पर त्याचा पहिला अध्यक्ष झाला होता. हा माणूस हिब्रूचा पंडित खरा, पण व्यवहारात वाण्याच्या वरताण. नव्या विद्यापीठाला ना परंपरा, ना माजी विद्यार्थी. लोकांना त्याचे नाव कळणार कसे? हार्परने जगभरचे विद्वान दामदुप्पट पगार देऊन गोळा केले आणि त्याच हिशेबाने फुटबॉलसाठी आपला जुना विद्यार्थी गाठला. वर्षाला २,५०० डॉलर पगार आणि सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद. शारीरिक शिक्षणाच्या माणसाला विद्वानांच्या पंक्तीत असे पान वाढल्याचे अमेरिकेत तोवर कोणी पाहिले नव्हते.

१ ऑक्टोबर १८९२ ला विद्यापीठ उघडले आणि स्टॅगचा सराव जवळजवळ त्याच दिवसांत सुरू झाला. संघाला पुरेशी माणसे नव्हती, म्हणून प्रशिक्षक स्वतःच खेळायला उतरे. आसपासच्या शाळांच्या पोरांशी सामने होत. पुढच्याच वर्षी शेजारी ते प्रसिद्ध जागतिक प्रदर्शन भरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने शिकागोत सर्वधर्म परिषद झाली आणि स्वामी विवेकानंदांमुळे या शहराचे नाव आपल्या घराघरांत पोचले. प्रदर्शनातला तो अजस्र फिरता पाळणा विद्यापीठाच्या अगदी कुशीत उभा होता. जत्रा आणि विद्यापीठ यांची अशी शेजारशेज पुढच्या कथेला फार शोभून दिसते, असे मला नेहमी वाटते.

१८९४ मध्ये स्टॅगचे लग्न झाले. पत्नी स्टेला त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. ती पुढे सामन्यांची टिपणे काढू लागली, प्रतिस्पर्ध्यांचे डाव टिपू लागली. सत्तर वर्षांचा संसार झाला आणि त्यातली कितीतरी संध्याकाळ कागदावर गोल-फुल्या मांडण्यात गेली असेल. त्याच वर्षीच्या नाताळात स्टॅग आपला संघ आगगाडीने थेट कॅलिफोर्नियाला घेऊन गेला आणि स्टॅनफर्डला हरवून आला. दोन वर्षांच्या विद्यापीठाचे नाव देशाच्या दुसऱ्या टोकाच्या वर्तमानपत्रांत झळकले. हार्परला हवे होते ते हेच.

स्टॅगचे डोके एखाद्या कसबी सुतारासारखे चाले. येलमध्ये असताना त्याने गादी गुंडाळून तिचा पुतळा केला होता. माणसाच्या अंगावर झेप कशी घ्यावी याचा सराव त्या पुतळ्यावर करायचा. खेळाडूंनी घोळका करून पुढचा डाव कुजबुजणे, चेंडू फेकण्याच्या नाना युक्त्या, चेंडू सुटण्याआधीच एका खेळाडूने आडवे धावत समोरच्यांना फसवणे, अशा कितीतरी गोष्टींचे श्रेय त्याला देतात. सगळे श्रेय एकट्याचे असेल असे मी म्हणणार नाही, पण नोटर डेमचा नुट रॉकनी यासारखा महारथीही स्टॅगचे ऋण मान्य करी. तो दारू पीत नसे, तंबाखू ओढत नसे, शिवी देत नसे. फारच संतापला तर खेळाडूला गाढव म्हणे. अतोनात संतापला तर दुप्पट गाढव. वय वाढल्यावर तो विद्यापीठाच्या आवारात विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारीतून फिरे. मुले त्याला म्हातारबाबा समजत असताना त्याचे वय पन्नासच्या आसपास होते!

१८९६ मध्ये मध्य-पश्चिमेतल्या सात विद्यापीठांनी एकत्र येऊन एक संघटना केली. हीच पुढे बिग टेन म्हणून गाजली. शिकागो तिच्या संस्थापकांपैकी एक. १८९९ ते १९२४ या काळात शिकागोने तिचे अजिंक्यपद सात वेळा पटकावले. त्यातला १९०५ चा हंगाम सर्वांत मोठा.

मिशिगन विद्यापीठाचा संघ तेव्हा अजेय मानला जाई. १९०१ पासून छप्पन्न सामन्यांत त्यांना कोणी हरवले नव्हते. ३० नोव्हेंबर १९०५ ला शिकागोच्या मैदानावर सुमारे सत्तावीस हजार माणसे जमली. शिकागोचा नायक होता वॉल्टर एकरसॉल, शेजारच्याच हाइड पार्क शाळेतला मुलगा. सामना रेटारेटीत अडकला होता. तेवढ्यात एकरसॉलने चेंडू दूरवर लाथाडला. मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो आपल्याच रेषेमागे झेलला आणि तिथेच न थांबता तो धावत सुटला. शिकागोच्या दोघांनी त्याला अंगावर झेपावून पुन्हा रेषेमागे ढकलले. असे झाले की प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात. सामना २-० असा संपला.

शिकागोत त्या रात्री दिवाळी झाली. डेनी क्लार्कच्या आयुष्यात मात्र त्या क्षणापासून अंधार पडला. हरलेल्या विद्यापीठाने आणि वर्तमानपत्रांनी त्याला कधी माफ केले नाही. सत्तावीस वर्षांनी, १९३२ मध्ये, त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. आत्महत्येला एकच कारण कधी नसते, हे मला कळते. तरीही विशीतल्या पोराच्या एका चुकीचे ओझे इतकी वर्षे त्याच्याच खांद्यावर ठेवणारा हा खेळ चारित्र्य घडवतो असे कुणी म्हणू लागले की, मला क्लार्कची आठवण येते.

आणि जिंकलेला एकरसॉल? त्याच्याकडे विद्यापीठात प्रवेशासाठी लागणारे विषयदेखील पुरे नव्हते. तो आला खेळायला आणि खेळून, पदवीशिवाय, बाहेर पडला. पुढे तो क्रीडा-पत्रकार झाला आणि १९३० मध्ये अकाली गेला. इथे मला स्टॅगचे कोडे पडते. पैसे नाकारणारा, शिवी न देणारा हा सज्जन माणूस शिकागोच्या हुशार प्राध्यापकांच्या डोळ्यांदेखत खेळाडूंसाठी आडवाटा शोधत होता. मैदानाच्या उत्पन्नाच्या नाड्या त्याच्या हाती होत्या. १९०२ पासून तो शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धा विद्यापीठात भरवू लागला. स्पर्धाही होत आणि चांगले खेळाडू हेरूनही ठेवता येत. एकात एक! तो ढोंगी होता असे मला वाटत नाही. फुटबॉल मुलाला माणूस करतो यावर त्याची इतकी अढळ श्रद्धा होती की, त्या मुलाला वर्गातही काही शिकायचे आहे हे त्याला तपशिलासारखे वाटत असावे. श्रद्धावान माणसांचे असे होते.

१९०५ मध्ये देशभर या खेळात अनेक पोरे मेली. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला व्हाइट हाउसमध्ये बड्या कॉलेजांची बैठक घ्यावी लागली. १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि खेळ थोडा मोकळा झाला. बिग टेनमधल्या प्राध्यापकांनी हंगाम पाच सामन्यांवर आणला आणि खेळण्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हार्पर जानेवारी १९०६ मध्ये कर्करोगाने गेला होता, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. स्टॅगचा पाठीराखा गेला, पण गाडा वेगात होता. चार-दोन वर्षांत बंधने सैल झाली आणि मैदानाला स्टॅगचेच नाव देण्यात आले.

शिखर म्हणावे तर १९२२ चा प्रिन्सटनविरुद्धचा सामना. शिकागोचा संघ शेवटच्या सत्रापर्यंत १८-७ असा पुढे होता आणि शेवटी २१-१८ असा हरला. या सामन्याचे वर्णन रेडिओवरून शेकडो मैल दूर पोचवले गेले, हा तेव्हा चमत्कारच होता. १९२४ ला इलिनॉयच्या रेड ग्रेंजच्या संघाशी २१-२१ अशी बरोबरी करून शिकागोने शेवटचे अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर उतरण.

ही उतरण कुणा एकाच्या चुकीने लागली नाही. इलिनॉय, मिशिगन ही सरकारी विद्यापीठे. त्यांच्याकडे विद्यार्थी हजारोंनी, शेतीचे, व्यापाराचे, शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम, आणि आता टोलेजंग स्टेडियमही. धडधाकट पोराला तिथे सहज सामावून घेता येई. शिकागोने मात्र उलटा रस्ता धरला होता. अभ्यास कठीण, आणि तो टाळायला शारीरिक शिक्षणाची पदवीही नाही. त्यातच स्टॅग साठी ओलांडून गेला होता. त्याने शोधलेले डाव आता देशातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला येत होते.

१९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याचे वय तीस. देखणा, फर्डा वक्ता, ग्रंथांचा भोक्ता आणि व्यायामाचा जन्मजात वैरी. भारतीय वाचकाने त्याच्याविषयी वाईट मत करून घेण्याची घाई करू नये. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांना विद्यापीठात घेताना त्यांच्या वर्णावरून कुरबुर झाली, तेव्हा तिला न जुमानता त्यांच्या पाठीशी उभा राहिला तो हाच हचिन्स. विद्यापीठ म्हणजे विचार करण्याची जागा, बाकी सगळे उपरे, हे त्याचे सूत्र होते आणि त्यात तो कुणाला सवलत देत नसे. म्हाताऱ्या स्टॅगलाही नाही. निवृत्तीचे वय सत्तर. ऑगस्ट १९३२ मध्ये स्टॅगला सत्तरी लागली. सल्लागारासारखे काहीतरी नाममात्र काम देऊ केले गेले. स्टॅगने ते नाकारले. आपल्याला अजून शिकवता येते, असे त्याचे म्हणणे होते. सामान आवरून नवरा-बायको दोन हजार मैलांवरच्या स्टॉक्टनला गेले आणि सत्तरीत नव्या नोकरीवर रुजू झाले.

दैवाची गंमत पाहा. स्टॅग गेल्यावर शिकागोला जेय बर्वँगर नावाचा असा खेळाडू लाभला की, १९३५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पहिलावहिला चषक त्यालाच मिळाला. पुढे हाच चषक हाइजमन नावाने ओळखला जाऊ लागला. बर्वँगरला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली आणि वण राहिला. त्या खेळाडूचे नाव जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. चषक त्याने मावशीकडे ठेवला आणि मावशीने तो दार लागू नये म्हणून दाराशी अडकण म्हणून वापरला!

बर्वँगर गेला आणि मग काहीच उरले नाही. १९३९ चा हंगाम वाचताना अंगावर काटा येतो. हार्वर्डकडून ६१-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, व्हर्जिनियाकडून ४७-०, इलिनॉयकडून ४६-०. मिशिगनने तर शिकागोत येऊन ८५-० असे चिरडले. मिशिगनचा प्रशिक्षक होता फ्रिट्झ क्रिसलर, स्टॅगचाच शिष्य, शिकागोत घडलेला आणि स्टॅगच्या हाताखाली काम केलेला. २१ डिसेंबर १९३९ ला विश्वस्तांनी निर्णय जाहीर केला: शिकागो विद्यापीठ यापुढे फुटबॉल खेळणार नाही. गंमत म्हणजे त्या वर्षीचा प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी नोकरी गेल्यावर स्टॅनफर्डला गेला आणि पुढच्याच हंगामात तिथे एकही सामना हरला नाही. म्हणजे दोष ना प्रशिक्षकाचा, ना त्याच्या डावांचा. शिकागोला खेळाडू नको होते, विद्यार्थी हवे होते. आणि दोन्ही एकाच देहात सापडतील एवढी वाट पाहण्याची तिची तयारी नव्हती.

हचिन्स बरोबर होता का? मला वाटते, निदान प्रामाणिक होता. खेळाडूंसाठी वेगळी, सोपी वाट काढून वर विद्येची पाटी मिरवायची, हे त्याला मान्य नव्हते. बाकी विद्यापीठांनी ती वाट काढली आणि ती आज राजमार्ग होऊन बसली आहे. पण त्याने फुटबॉल सुधारला नाही, नुसता उपटला. मधला मार्ग त्याने चाचपून पाहिला असता, तर स्टॅगच्या कामातले जे अस्सल होते ते राहिले असते, असेही मला वाटते. असो. १९४६ मध्ये शिकागोने बिग टेन सोडली.

मैदान ओस पडले, पण रिकामे राहिले नाही. पश्चिमेकडच्या प्रेक्षक-सज्जाखाली स्क्वॉशसारख्या खेळाचे एक बंदिस्त कोर्ट होते. तिथे एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्राफाइटच्या विटांवर विटा रचल्या आणि २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली नियंत्रित अणु-शृंखला-प्रक्रिया घडवली. ज्या बाकांवरून हजारो लोक एकरसॉलच्या नावाने ओरडले त्या बाकांखाली अणुयुग जन्मले. ते सज्जे पुढे पाडले गेले. त्या जागी आता हेन्री मूरचे काळसर, कवटीसारखे दिसणारे शिल्प आहे आणि मैदानाच्या बाकी जागेवर भलेमोठे ग्रंथालय. मी ते पाहिले आहे. शिल्पाजवळ परदेशी पाहुणे छायाचित्रे काढतात. फुटबॉलची कुणी चौकशी करताना दिसले नाही.

स्टॅग मात्र खेळतच होता. १९४३ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, तो देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. १९४६ नंतर पॅसिफिकही सुटले, तेव्हा तो पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना विद्यापीठात आपल्या मुलाच्या जोडीने शिकवू लागला. त्याच्याइतके सामने जिंकणारा प्रशिक्षक त्या काळी दुसरा नव्हता, तीनशेहून अधिक. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला खेळाडू म्हणूनही घेतले आणि प्रशिक्षक म्हणूनही. पुढे स्टेलाची प्रकृती ढासळली, म्हणून तो स्टॉक्टनला परतला आणि तिथल्या एका छोट्या कॉलेजच्या पोरांना चेंडू लाथाडायला शिकवू लागला. नव्वदी कधीच ओलांडली होती. १९६४ मध्ये स्टेला गेली. १७ मार्च १९६५ ला, एकशे दोन वर्षांचा होऊन, स्टॅगही गेला.

त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १९६३ मध्ये, शिकागोत फुटबॉलचा एक साधा सरावाचा सामना ठरला होता. तर विद्यार्थीच मैदानात ठाण मांडून बसले आणि त्यांनी तो होऊ दिला नाही. संघ परत आला तो १९६९ मध्ये, शिष्यवृत्त्यांशिवाय, तिकिटांच्या झुंबडीशिवाय, छोट्या कॉलेजांच्या गटात. आजही तो खेळतो. शनिवारी दुपारी सामना असतो, आणि खेळाडू सोमवारच्या तासाची पुस्तके घेऊनच बसमध्ये चढतात. मैदान नवे आहे, जुन्या जागेपासून थोडे दूर. नाव तेच, स्टॅग फील्ड.